गड्ड्यात इंग्रजी बोलायचंय, पण कुणाशी आणि कसं?

एका मुलीनं विचारलंय: "मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळा मराठी माध्यमाची. गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेला, बाहेरगावचे बरेच लोक येतात, त्यांच्याशी इंग्रजीत बोलून सराव करावा म्हणते. पण अनोळखी माणसाशी सुरुवात कशी करायची? आणि चुकलं की लोक हसतील, त्याचं काय?"

मी सोलापुरात १९ वर्षं इंग्रजी संभाषण शिकवतेय. दर जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत माझी काही मुलं-मुली हाच प्रयोग करतात. कुणाला फार छान जमतो, कुणी पहिल्याच दिवशी तोंड पाडून परत येतं. असं का होतं, हे इतकी वर्षं जवळून पाहिलंय म्हणून जरा लांबण लावून लिहिते.

तुम्हाला हसण्याची भीती वाटतेय. पण मुलं जिथं खरोखर अडकतात ती जागा वेगळी असते. मुलगा धीर करून जातो आणि म्हणतो, "हॅलो, माय नेम इज अमुक. व्हॉट इज युवर नेम?" समोरचा नाव सांगतो. मग "व्हेअर आर यू फ्रॉम?" तो गाव सांगतो. आणि तिसऱ्या वाक्याला सगळं थांबतं. मुलाला पुढे काही विचारायचं नसतं. समोरच्याला कळत नसतं की हा आपल्याशी का बोलतोय, वर्गणी मागणार आहे की काही विकणार आहे. इंग्रजी कच्चं असल्यामुळे ते संभाषण मरत नाही. बोलायला कारणच नसतं, म्हणून मरतं. तुम्ही मराठीतसुद्धा असं कुणाशी जाऊन बोलला असतात तरी हेच झालं असतं.

आपल्या गावाकडेच बघा ना. माझ्याकडे शहराच्या पूर्व भागातला एक मुलगा येतो. घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी आणि कर्नाटकातल्या इंडीहून आलेल्या मित्राच्या आईशी मोडकंतोडकं कानडी. मंडईत भाजी विकणाऱ्या मावशी गिऱ्हाईक बघून तीन भाषांत भाव सांगतात. यातली एकही भाषा त्यांनी "सराव" म्हणून शिकलेली नाही. समोरच्याला आपली भाषा येत नव्हती आणि काम तर व्हायला हवं होतं, म्हणून ती आली. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले आणि जखमी सैनिकांवर उपचार करता करता चिनी शिकले. समोर रोगी होता आणि त्याला कुठं दुखतंय ते समजून घ्यायचं होतं. गरज इतकी थेट असली की व्याकरणाची भीती मागे पडते. महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. म्हणजे तुम्ही लहानपणापासून इंग्रजी शिकत आहात. शब्द तुमच्याकडे आहेत. तुमच्या इंग्रजीची कुणाला गरज पडलीय, असा प्रसंग मात्र आजवर आलेला नाही.

म्हणून माझं सांगणं असं, की गड्ड्याला विद्यार्थिनी म्हणून जाऊ नका, यजमान म्हणून जा. यात्रा तुमच्या गावची आहे. लहानपणापासून तुम्ही काठ्या, म्हणजे मिरवणुकीतले उंच नंदीध्वज, बघत आलात. समोरच्या पाहुण्याला यातलं काही माहीत नाही, आणि त्याला जाणून घ्यायचंय. तिथं तुम्ही देणाऱ्या आहात.

मग इंग्रजीत बोलायचं कुणाशी? ज्याला मराठी येत नाही त्याच्याशीच. इथल्या वैद्यकीय आणि इंजिनिअरिंग कॉलेजांत परराज्यांतली मुलं असतात, त्यांचे आईवडील कधीकधी यात्रा बघायला येतात. कॅमेरे घेऊन आलेले हौशी फोटोग्राफर असतात. चादरी-टॉवेलच्या व्यापारासाठी आलेले लोक संध्याकाळी सहज चक्कर मारतात. कर्नाटक-तेलंगणातून भाविक तर येतातच. त्यातल्या बऱ्याच जणांशी मात्र कानडी किंवा तेलुगूच चालते. ती तुम्हाला येत असेल तर तीच बोला, माणसाला बरं वाटतं. भजीच्या गाड्यावरच्या काकांशी किंवा बांगड्या विकणाऱ्या मावशींशी इंग्रजी बोलू नका. एका मुलानं तसं केलं होतं. काकांनी झारा थांबवून विचारलं, "मराठी येत न्हाई का बाळा?" त्या विचारण्यात राग नव्हता, पण मुलगा खजील झाला आणि त्या वर्षी पुन्हा तोंड उघडलं नाही त्यानं. आपल्याच माणसाशी परकी भाषा बोललो की ती मिरवल्यासारखी वाटते. मित्र म्हणणारच, "काय बे, लई इंग्लिश झाडायलास!" आणि तिथं मित्रांचं चुकत नाही.

आता एक प्रसंग जवळून सांगते, कारण सगळं त्यातच आहे. काही वर्षांपूर्वी अक्षता सोहळ्याच्या दिवशी माझी एक विद्यार्थिनी तलावाच्या बाजूला उभी होती. शेजारी केरळचं एक जोडपं. मुलगी इथं नर्सिंगला, म्हणून आलेले. नंदीध्वज संमती कट्ट्याजवळ आले, सोहळा तिथंच होतो. पांढऱ्या बाराबंदीतले लोक, सातही काठ्या उभ्या. "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" सुरू झालं आणि चहूबाजूंनी अक्षता पडल्या. त्या बाईंच्या केसांत तांदूळ अडकले. त्यांनी ते हातात घेऊन बघितले आणि हिला विचारलं, "व्हाय आर दे थ्रोइंग राइस ॲट अ पोल?"

हिची वाचा बसली. का, ते तिनं मला नंतर सांगितलं. तिच्या डोक्यात मराठी वाक्य तयार होतं: "सिद्धेश्वरांशी लग्न करण्याचा हट्ट धरलेल्या कुंभारकन्येचा त्यांच्या योगदंडाशी जो विवाह झाला, त्याचं हे प्रतीक आहे." हे आहे तसं इंग्रजीत उचलायला ती गेली. 'हट्ट'ला अडली, 'योगदंड'ला अडली, 'जो... त्याचं'ला अडली. पाणी कुठं मुरतंय ते बघा. तिचं मराठी तिच्या इंग्रजीपेक्षा फार पुढे होतं आणि ती मराठीच्या उंचीवरून थेट उडी मारत होती.

मग तिनं एक श्वास घेतला आणि म्हणाली, "धिस इज अ वेडिंग."

बाई चकित. "अ वेडिंग? हूज वेडिंग?"

"अ पॉटर्स डॉटर. शी वॉन्टेड टू मॅरी सिद्धेश्वर. ही वॉज अ योगी, सो ही सेड नो. बट ही सेड, यू कॅन मॅरी माय स्टाफ." आणि काठीकडे बोट दाखवलं. "दॅट इज द स्टाफ. दीज आर सेव्हन. वुई थ्रो राइस ॲट एव्हरी वेडिंग. सो वुई थ्रो इट हिअर."

एवढंच. पाच-सहा शब्दांची वाक्यं, एकापुढे एक. पण त्या बाई पुढची वीस मिनिटं तिच्याशी बोलत राहिल्या. ही गोष्ट किती जुनी? बाराव्या शतकातली. सिद्धेश्वर कानडी बोलायचे का? हो, त्यांची वचनं कानडीत आहेत. हा तलाव? तोही त्यांनीच बांधला असं मानतात. मग त्या बाईंनी आपल्या गावच्या देवळातल्या उत्सवाचं सांगितलं, हत्तींचं, दिव्यांचं. हिनं ते ऐकलं, मध्ये दोन प्रश्न विचारले. ऐकण्याचा सराव तोही झाला.

यातून माझ्या वर्गात एक पद्धत पडली. यात्रेच्या आधीच्या दोन आठवड्यांत आम्ही यात्रेतल्या दहा-बारा गोष्टी घेतो: काठ्या, बाराबंदी, अक्षता, अडुसष्ट लिंगं, तैलाभिषेक, होम, शोभेचं दारूकाम. प्रत्येकीला तीन छोटी वाक्यं. पहिल्या वाक्यात ती गोष्ट म्हणजे काय ते सांगायचं, दुसऱ्यात लोक काय करतात, तिसऱ्यात का करतात. नंदीध्वज, अक्षता, बाराबंदी ही नावं बदलायची नाहीत. नाव तसंच उच्चारा आणि लगेच पुढे अर्थ सांगा: "बाराबंदी इज अ व्हाइट कॉटन शर्ट. इट हॅज नो बटन्स, ओन्ली स्ट्रिंग्ज." पाहुण्यालाही आपला शब्द न्यायला आवडतो.

व्याकरणातल्या दोनच गोष्टींकडे लक्ष द्या, कारण आपल्याकडच्या मुलांच्या बोलण्यात त्या मला सतत ऐकू येतात. एक म्हणजे सगळीकडे 'आयएनजी' लावणं. "पीपल आर कॅरिइंग काठी एव्हरी इयर" असं येतं. मराठीत 'लोक दरवर्षी काठ्या नेतात' म्हणताना आपण 'नेत आहेत' म्हणत नाही ना? तसंच तिथंही. दरवर्षीची रीत सांगताना "पीपल कॅरी", समोर आत्ता चाललंय ते दाखवताना "दे आर कॅरिइंग". यात्रा समजावताना दोन्ही लागतात, त्यामुळे हा फरक गड्ड्याइतका चांगला कुठंच शिकता येत नाही. दुसरी गोष्ट आपल्या 'च'ची. "आय ॲम फ्रॉम सोलापूर ओन्ली." मराठीतला 'मी सोलापूरचीच' हा च फार गोड आहे, पण इंग्रजीत "आय ॲम फ्रॉम सोलापूर" एवढंच पुरतं. बाकीच्या चुका होऊ द्या. कुठं 'द' राहिला, कुठं काळ चुकला, तरी कुणाचं काही अडत नाही.

आता पहिलं वाक्य. ते तुमच्याविषयी नसावं, समोर जे दिसतंय त्याविषयी असावं. कुणी काठ्यांचा फोटो काढतंय आणि जागा चुकलीय, तर "यू कॅन सी बेटर फ्रॉम धिस साइड." कुणी देवळाजवळ किंवा भुईकोट किल्ल्यात बोर्ड वाचत थबकलंय, तर "इज धिस युवर फर्स्ट टाइम हिअर?" दोघंजण एकमेकांना "हे काय आहे" अशा अर्थानं बोट दाखवतायत, तर "इफ यू लाइक, आय कॅन टेल यू व्हॉट इज हॅपनिंग." यातलं शेवटचं मला सगळ्यात आवडतं. त्यात समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक राहते. नाही म्हणाले तर हसून बाजूला व्हा, तो नकार तुमच्या इंग्रजीला नसतो. त्यांची गाडी असते, मूल रडत असतं, पाय दुखत असतात.

प्रश्न विचारला की थांबा, ही माझी कळकळीची विनंती. आपली मुलं प्रश्न विचारतात आणि दोन सेकंद शांतता झाली की घाबरून स्वतःच पुढचं वाक्य टाकतात. मनात चार आकडे मोजा. समोरचाही इंग्रजीत उत्तर जुळवत असतो. आणि स्वतःचं सांगून झालं की एकदा तरी त्यांच्याकडे वळा: "डू यू हॅव अ फेअर लाइक धिस बॅक होम?" या एका प्रश्नावर मी तासभर चाललेली बोलणी पाहिलीत.

वेळेचंही सांगते. अक्षता पडत असताना बोलायचं नसतं, तेव्हा हात जोडायचे. माझ्या त्या विद्यार्थिनीला विचारलं गेलं, म्हणून तिनं सांगितलं. संध्याकाळी होम मैदानावर पाळण्यांचा, भोंग्यांचा, मौत का कुआँमधल्या मोटारसायकलींचा इतका आवाज असतो की मराठीसुद्धा ओरडून बोलावं लागतं. तिथं इंग्रजीचा नाद सोडा आणि आकाशपाळण्यात बसा. सगळ्यात चांगला वेळ म्हणजे वाट बघण्याचा. होमाच्या संध्याकाळी लोक काठ्यांची वाट बघत ताटकळलेले असतात. दारूकामाच्या दिवशी जागा धरून बसलेले असतात. दर्शनाची रांग असते. अशा वेळी माणसाला बोलायला कुणीतरी हवंच असतं.

तुमच्याबद्दल मला काही गोष्टी माहीत नाहीत, आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. तुम्हाला इंग्रजीत सलग पाच वाक्यं स्वतःच्या मनानं बोलता येत नसतील, तर यंदा आधी घरी आरशासमोर आणि मैत्रिणीसमोर ती तीन-तीन वाक्यं पक्की करा, आणि यात्रेत एकाच माणसाशी बोलायचं ठरवा. एक पुरे. बोलता येतं पण ऐकलेलं कळत नाही, असं असेल तर "कुड यू से दॅट स्लोली, प्लीज?" हे वाक्य जिभेवर असू द्या. केरळ, आंध्र, कर्नाटक, प्रत्येकाच्या इंग्रजीचा सूर वेगळा असतो. पहिल्या फेरीत तो न कळणं अगदी साहजिक आहे.

तुम्ही मुलगी आहात म्हणून एक वेगळं सांगते आणि ते गंभीरपणे घ्या. एकटीनं जाऊ नका, मैत्रीण बरोबर हवी. दिवसा, संध्याकाळी असाल तर भर गर्दीतच, आणि शक्यतो कुटुंबांशी किंवा बायकांशी बोला. फोन नंबर, इन्स्टाग्राम, कॉलेजचं नाव द्यायची काही गरज नाही. पाहुणा "चला, जरा बाजूला शांत ठिकाणी बोलू" म्हणाला तर "माय फॅमिली इज वेटिंग" म्हणून निघा, मागे वळून बघू नका. इंग्रजीच्या सरावापायी कुणाचं मन राखत बसायचं नाही.

आता हसण्याचं. मी २३ वर्षांची असताना एका नोकरीच्या मुलाखतीत माझ्या उच्चारावर समोरच्या टेबलामागचे दोघं एकमेकांकडे बघून हसले. मी घरी येऊन रडले. त्यानंतर सहा महिने इंग्रजीत एक शब्द बोलले नाही. तेव्हा त्या हसण्याचं दुखणं काय असतं ते मला माहीत आहे, आणि "दुर्लक्ष कर" असं मी कुणाला सांगत नाही. पण एवढ्या वर्षांत यात्रेतल्या पाहुण्यानं माझ्या एकाही मुलावर हसल्याचं मी ऐकलेलं नाही. कारण ते पाहुणेही बहुतेक दुसऱ्या भाषेतून इंग्रजीत आलेले असतात. तुमच्याइतकेच तेही शब्द शोधत असतात. हसतात ते बरोबरचे मित्र. म्हणून बरोबर कुणाला न्यायचं हे जपून ठरवा, आणि मैत्रिणीशी आधीच बोलून घ्या की मध्येच चूक सुधारायची नाही. मी वर्गातही मध्येच सुधारत नाही. बोलणं पूर्ण होऊ देते.

आणि या सगळ्यात मला जे सर्वात मोलाचं वाटतं ते यात्रेतून परतल्यावर घडतं. घरी पोचायच्या आत, रिक्षात किंवा बसस्टॉपवर, वहीत मराठीत लिहा: मला काय म्हणायचं होतं आणि म्हणता आलं नाही. कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या इंग्रजी घरांतल्या मुलांचा अभ्यास करून मेरिल स्वेन या भाषाभ्यासक बाईंनी १९८५ साली असं मांडलं होतं, की नुसतं ऐकून-वाचून भाषा पुरती येत नाही. बोलायला गेलं की आपल्याला नेमकं काय येत नाही ते कळतं. तुमच्या वहीतली ती ओळ म्हणजे हेच. वर्षानुवर्षं माझ्याकडे अशा वह्या येतात. त्यात 'नवस' हमखास असतो. शब्दकोशातला शब्द घेऊन मुलगी येते आणि तो कुणाला कळत नाही. आम्ही तो असा सोडवला: "हर सन वॉज इल. शी टोल्ड गॉड, इफ ही गेट्स वेल, आय विल कम एव्हरी इयर." झाला नवस. 'मानकरी' असाच: "हिज फॅमिली हॅज डन धिस फॉर जनरेशन्स." 'जागृत देवस्थान'वर आम्ही एक अख्खा तास घालवला होता आणि शेवटी "पीपल फील द गॉड हिअर लिसन्स" यावर थांबलो. मुलं त्या तासाला जे इंग्रजी शिकली ते एरवी तीन महिन्यांत शिकली नसती. दुसऱ्या दिवशी त्याच वाक्यासह पुन्हा यात्रेत जायचं. काल अडलेलं आज ओठावर येतं, तेव्हाचा मुलांचा चेहरा मी अजून दरवर्षी बघते.

चार-पाच दिवसांत अस्खलित इंग्रजी येणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. मुलाखतीचं इंग्रजी वेगळं, त्याची तयारी वेगळी. क्लास लावायचा की नाही ते यात्रेनंतर ठरवा, तेव्हा तुम्हाला काय हवंय ते तुम्हालाच नीट कळलेलं असेल. यात्रेनंतरही अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरला जाणारे पाहुणे सोलापूर स्टेशनवर वर्षभर उतरत असतात. रस्ता विचारणाऱ्याला नीट रस्ता सांगणं हाही सराव आहे.

आज मात्र इंग्रजीला हात लावू नका. घरी किंवा शेजारी कुणी आजी-आजोबा असतील त्यांच्यापाशी बसा आणि काठ्यांची गोष्ट विचारा, मराठीत नाहीतर कानडीत. कुंभाराच्या मुलीनं काय मागितलं, काठ्यांना काय काय बांधतात, पूर्वी गड्डा कसा भरायचा, आजीच्या लहानपणी तिथं काय मिळायचं. माझी मुलं इंग्रजीला अडतात त्याच्या निम्म्या वेळा गोष्टच पुरती माहीत नसते, आणि दोष इंग्रजीवर जातो. आजी जे सांगेल ते वहीत उतरवा. मग त्यातली तीन वाक्यं निवडा.